हातात न दिलेला चाकू

नळाला पाणी यायचं बंद झालं की आमच्या घरात चाकू बाहेर निघतात. शेजाऱ्यांनी एका वर्षी याचा भलताच अर्थ लावला होता, म्हणून आधीच सांगून टाकतो, यात मारामारीचा काही हेतू नसतो. मी जुने, घडी घालून खिशात ठेवायचे चाकू जमवतो. पावसाळ्यात त्यांना हवा लागली की गंज धरतो, त्यामुळं ते चार महिने डबा उघडायचा नाही असा माझा नियम आहे. लातूरचा उन्हाळा मात्र लोखंडाला मानवतो. हवेत ओल म्हणून नसते. पाती पुसावीत, सांध्यात तेलाचा थेंब सोडावा, आतली कमान अजून ताठ आहे का ते दाबून पाहावं. दुष्काळ जेवढा कडक तेवढं लोखंड सुखात. सगळी गल्ली घागरी घेऊन टँकरमागं पळत असताना आपण व्हरांड्यात बसून हवा छान कोरडी आहे म्हणून मनातल्या मनात खूश व्हायचं, हा नीचपणा आहे हे मला कळतं. पण सवय सुटत नाही.

बायकोचं दुखणं वेगळंच आहे. "एवढाले चाकू घरात, आन् भेंडी चिरायची म्हणलं तर एकाला धार न्हाई." तिचं खरं आहे. जुन्या चाकूला धार लावायची नसते. दर धारेला पात्याचा थोडा थोडा अंश सहाणेवर जातो, आणि पातं मुळात केवढं होतं, कोणत्या घाटाचं होतं हे ओळखायची खूण नाहीशी होते. मी हे तिला लग्नापासून समजावतो आहे. ती भेंडी विळीवर चिरते आणि ऐकून घेते.

डबा म्हणजे आमच्या ऑफिसातून मोडीत निघालेला लाकडी खणांचा ट्रे. प्रत्येक खणात जुन्या धोतराचा मऊ तुकडा, त्यावर चाकू, आणि चाकूला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. मूठ कशाची, ठसा कुठला, कुठं मिळाला. हाडाची मूठ असेल तर भिंगाखाली बारीक काळे ठिपके दिसतात. सांबरशिंगाला खडबडीत सुरकुत्या असतात आणि हात लागून लागून त्या मधोमध गुळगुळीत होतात. खोट्या मुठीला तापवलेली सुई टेकवली तर जळक्या कंगव्याचा वास येतो. आवाजावरूनही कळतं. चांगल्या कमानीचा चाकू मिटताना एकदाच आणि ठासून ‘कट्’ म्हणतो. या सगळ्या गोष्टी मी कुणालाही, कितीही वेळ सांगू शकतो आणि लोक माझ्याकडे यायचे कमी झाले त्याचं एक कारण हे असावं.

एका खणात मात्र चाकू नाही. नुसती चिठ्ठी आहे. "देशी. नक्कल. निलंगा." अक्षर माझंच, तरुणपणातलं, जरा जास्तच ठसठशीत. ही चिठ्ठी मी फाडलेली नाही. दर उन्हाळ्यात ती हातात येते आणि मला एक उन्हाळा आठवतो.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. आम्ही उदगीरचे. आधी जिल्ह्याचं काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागे, एसटीत बसून बसून पाठीचे टाके ढिले व्हायचे. आता जिल्हा हाताशी आला होता आणि मी त्या जिल्ह्याच्या ऑफिसात कारकून होतो. काय तो रुबाब! गावोगाव पाट्या रंगवणं चाललं होतं, ओल्या ऑइलपेंटचा वास सगळीकडे. ऑफिसं भाड्याच्या जागेत. आमची शाखा तर एका जुन्या कापसाच्या गोदामात होती, वारा सुटला की कौलांमधून अजून सरकी खाली पडायची. फायलींवर ‘उस्मानाबाद’ छापलेलं, त्यावर तांबडी रेघ मारून वर हातानं ‘लातूर’ लिहायचं. पहिल्या पहिल्यांदा ही रेघ मारताना मला फार आनंद व्हायचा. दिवसाला शंभरदा मारायला लागल्यावर ओसरला.

नवा जिल्हा आला आणि पाऊस गेला, असं लोक म्हणायचे. मांजरेच्या पात्रात वाळूसुद्धा उन्हानं पांढरी पडली होती. माझी नेमणूक टंचाई शाखेत होती. म्हणजे कोणत्या गावाला टँकर, कोणत्या वस्तीला किती खेपा, विहिरीला तळ लागला की नाही, याचे अर्ज. सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असायची. ती बोलायची नाहीत. पटक्यानं तोंड पुसत बसून राहायची. सगळ्यांच्या पायाला एकाच रंगाची धूळ, मग ते औराद शहाजानीकडून आलेले असोत की औशाकडून.

चाकूंचं वेड मला त्याच उन्हाळ्यात लागलं. दुपारी जेवणाच्या सुटीत मी गोलाईच्या बाजारामागच्या भंगाराच्या दुकानांकडे चक्कर टाकायचो. तिथं त्या वर्षी घरं रिकामी होऊन आल्यासारखी दिसायची. तांब्याचे हंडे, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, अडकित्ते, कुलपं, आणि त्यांच्या खाली कुठं कुठं चाकू. कुणा वतनदाराचा, कुणा मास्तराचा, कुणा हैदराबादेत नोकरी करून आलेल्याचा. पहिला चाकू मला बिजागऱ्यांच्या ढिगात मिळाला. नखाच्या खाचेत नख घातलं, पातं बाहेर आलं, मिटलं तर ‘कट्’. भंगारवाला हसला. म्हणाला, "ले जाव साब, तुमारे हात में बोलताय वो." मी तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो.

माझा संग्रह दुष्काळाचा आहे. लोकांनी घरातल्या वस्तू काढल्या नसत्या तर मला काही मिळालं नसतं. हे मला तेव्हा सुचलं नाही, याची लाज वाटते. तेव्हा मला फक्त पात्याच्या बुडाशी असलेले ठसे दिसत होते. मुठीत शिरायच्या आधी पात्याचा जो जाड, बिनधारेचा भाग असतो तिथं कारखान्याचा ठसा मारलेला असतो. इंग्लंडात शेफिल्ड म्हणून चाकूंचं गाव आहे, त्याचं नाव त्या भागावर वाचता आलं की माझी छाती फुगायची. शिकवायला कुणी नव्हतं, पुस्तक नव्हतं. पंधरा-वीस चाकू जमल्यावर मी स्वतःलाच तज्ज्ञ म्हणून टाकलं. ऑफिसात मला ‘चाकूआप्पा’ म्हणायला लागले. नकाशे पाहायचं सरकारी भिंग माझ्याच टेबलावर पडलेलं असायचं.

अशाच एका दुपारी लिंबाजी कांबळे आले. निलंग्याच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या शिवेजवळचं गाव. पन्नाशीचा, उंच, वाळका माणूस, अंगात नीळ दिलेला स्वच्छ सदरा. त्यांचं म्हणणं साधं होतं. टँकर गावात येतो आणि देवळापाशी रिकामा होतो, बौद्धवाड्यापर्यंत पोचतच नाही. एक खेप वाड्यात यावी, असा अर्ज. अर्ज नीट लिहिलेला होता, खाली सगळ्या घरांच्या सह्या आणि अंगठे. मी वाचून ठेवून घेतला. तरी ते उभेच. त्यांची नजर माझ्या भिंगाखालच्या चाकूवर होती.

"साहेब, तुमाला चाकूतलं कळतंय व्हय?"

हा प्रश्न मला त्या काळात कुणी विचारला की मी खुर्चीत सरळ व्हायचो. लिंबाजींनी कनवटीतून फडकं काढलं, त्यातून चाकू. मुठीला काळपट सांबरशिंग, शेवटाला एक कडी. आणि मग त्यांनी मला त्याची गोष्ट सांगितली.

"माझा बाप मोजणीच्या साहेबाकडं झेंडी धरून हुता. गोरा साहेब. रस्त्याची मोजणी का रुळाची, त्ये काय आता कुनाला ठावं न्हाई. एकदिशी बापाला माळावर हुबं केलं झेंडी घिऊन आन् सगळी गेली जेवाया. इसरली. बाप हुबाच. जा म्हणलं न्हवतं ना कुनी. ऊन कलल्यावर साहेबाच्या ध्यानात आलं. सोता आला घोड्यावरनं. बाप झेंडी धरून तसाच. साहेबानं खिशातला चाकू काढला आन् बापाच्या हातात दिला. हातात दिला, साहेब. टाकला न्हाई."

"मग?" मी विचारलं. मी ठसा शोधत होतो.

"मंग काय. गाव म्हणलं, चोरला. गोरा साहेब ह्यांच्या हातात काय देतंय व्हय. बाप मरस्तवर सांगत हुता, कुनी खरं म्हणलं न्हाई. तुमी बगून सांगा, ह्यो साहेबाचा हाय का न्हाई. येवढंच पायजे मला. गावात जाऊन सांगतो, जिल्ह्याच्या साहेबानं बगितलाय म्हणून."

मी पाहिला. नखाची खाच असते ती बाजू वर करून बुडाशी भिंग लावलं. गंजानं खाल्लेलं, काही दिसेना. मुठीचा एक खिळा पितळी होता आणि दुसरा लोखंडी, ओबडधोबड, आपल्याकडच्या लोहारानं ठोकलेला. झालं, माझा निकाल लागला. आजूबाजूचे दोघं-तिघं कारकून वाकून बघत होते आणि मला त्यांच्यापुढं शहाणपण दाखवायचं होतं.

"हा देशी आहे," मी म्हणालो. "विलायती चाकूची नक्कल. ठसा नाही, खिळा लोहाराचा. साहेब लोक असले चाकू बाळगत नसत."

पलीकडच्या टेबलावरून एकजण म्हणाला, "मग साहेबानं फसवलं, का बापानं?" सगळे हसले. मीही हसलो. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

लिंबाजींनी हात पुढं केला. मी चाकू मिटला आणि माझ्या बाजूला, रजिस्टरावर ठेवला. आमच्या घरची शिस्तच तशी. आई उदगीरची दुकानदारीण, अर्धं बोलणं कानडी. चाकू, कात्री, मीठ, मिरची कुणाच्या हातात द्यायला निघालो की ओरडायची, "ब्याडप्पा! नको रे! खाली ठिव, त्यो उचलून घील. हातात दिलं की भांडण हुतंय." लहानपणापासून हात आपोआप तसाच वळायचा. मी ठेवला, आता ते उचलतील, असं समजून चाललो. तेवढ्यात शिपाई आला, मोठ्या साहेबांनी बोलावलंय म्हणाला. मी उठून गेलो. तिथं टँकरच्या खेपांवरून बैठक लांबली.

परत आलो तेव्हा लिंबाजी नव्हते. चाकू रजिस्टरावर तसाच. शेजारचा म्हणाला, "बराच वेळ उभा होता. मग गेला." मला वाटलं, नक्कल म्हटल्यावर बिचाऱ्याचं मन उडालं, टाकून गेला. दोन दिवस वाट पाहिली. मग चिठ्ठी लिहून चाकूला बांधली. अर्ज बरोबर होता म्हणून मी तो लिंबाजी आले त्याच संध्याकाळी पुढं सरकवला होता, आणि त्या वस्तीला खेप मंजूर झाली. त्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो.

वर्षं जातात ती अशीच जातात. बदल्या झाल्या, पुन्हा लातूरला आलो, निवृत्त झालो. गोदामातलं ऑफिस पक्क्या इमारतीत गेलं. निरोपाच्या समारंभात मी ताठ मानेनं सांगितलं की अख्ख्या नोकरीत कुणाचा फुकट चहासुद्धा घेतला नाही. टाळ्या पडल्या. संग्रह वाढत गेला, नजरही थोडी तयार झाली. पण तो एक खण मी कधी नीट उघडून पाहिला नाही. चिठ्ठीवर निकाल लिहिलेला होता ना, मग पुन्हा पाहायचं काय?

मग लातूरला रेल्वेनं पाणी यायचा उन्हाळा आला. नळ महिनोन् महिने कोरडे. बायको म्हणाली, आता हट्ट पुरे, नांदेडला लेकीकडं जाऊ. नांदेडलाही टंचाई होतीच, पण लेकीच्या घरी दिवसाआड का होईना नळ गुरगुरायचा. मी चाकूंचा डबा बरोबर घेतला. लेक म्हणाली, "बाबा, लोक कपडे आणतात." जावयानं डबा मुकाट्यानं कपाटावर ठेवला.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या बाजूच्या गल्ल्यांत कृपाणं, तलवारी घडवणारी, पाती उजळणारी शिकलगार मंडळी आहेत. एका दुकानात एक म्हातारे सरदारजी बसायचे. पांढरी दाढी, मांडीवर चामड्याचा तुकडा, हातात सतत काहीतरी पातं. त्यांच्याकडे मी रोज जायला लागलो. मला साठी उलटून गेल्यावर गुरू मिळाला. ते चाकू भिंगानं पाहायचे नाहीत, अंगठ्यानं पाहायचे. अंगठा पात्याच्या पाठीवरून फिरवत, डोळे रस्त्यावर, आणि सांगायचे: हे इथलं, हे पंजाबातलं, हे बाहेरचं. एकेक करून मी सगळे दाखवले. शेवटी उरला तो निलंग्याचा. "हा नुसता देशी आहे," मी म्हणालो, "दाखवण्यासारखा नाही."

त्यांनी चिठ्ठी बाजूला केली. अंगठा फिरवला, थांबले. चाकू पालथा केला. चिंधीवर रॉकेलचा थेंब घेऊन पात्याच्या बुडाची दुसरी बाजू, जिथं कित्येक वर्षांचा मळ दगडासारखा बसला होता, ती चोळत राहिले. मग माझ्या हातात दिला. भिंगाची गरज नव्हती. इंग्रजी अक्षरं, अर्धवट, पण वाचता येणारी. गावाचं नाव शेफिल्डच.

"एकीच बाजू देखे क्या आप?" सरदारजींनी विचारलं. "पलटाए नहीं?"

"पण हा खिळा..."

"कील गाँव की है आप्पा. चाकू विलायती है."

मी तिथंच दुकानाच्या फळीवर बसलो. माळावर झेंडी धरून उभा असलेला माणूस, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, तो समोर आला. त्याच्या लेकाला मी चारचौघांत हसलो होतो, आणि चाकू पालथा करायचे कष्टही घेतले नव्हते. सरदारजींना मी सगळं सांगितलं. विचारलं, साहेबानं तो खरंच दिला असेल, हे यावरून कळतं का? त्यांनी मान हलवली. "वो चाकू नहीं बोलता. किसने दिया, कैसे दिया, वो तो आदमी से पूछो."

माणूस असेल का अजून? हिशेबानं लिंबाजी ऐंशीच्या पुढं असणार. दुसऱ्या दिवशी मी लातूरला आलो, तिथून निलंग्याची एसटी पकडली. खिडकीबाहेर सगळं तेच होतं. ऊस नसलेली उसाची रानं, टँकर, रिकाम्या घागरींच्या रांगा, फक्त घागरी आता प्लॅस्टिकच्या. निलंग्याहून जीप. खिशात चाकू, त्यावर हात. आपण सांगायला उशीर केला असेल तर हे कुणाला सांगायचं, एवढाच विचार सगळी वाट.

लिंबाजी होते. घर सिमेंटचं झालं होतं, दारात लिंबाचं झाड, त्याखाली बाज, बाजेवर ते. दिसायला कमी झालं होतं, कान शाबूत. मी नाव सांगितलं तर ओळख लागेना. टंचाई शाखा म्हटल्यावर लागली. "चाकूवालं साहेब!" ते उठून बसले. मी खिशातून चाकू काढून त्यांच्या शेजारी बाजेवर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ठसा सापडला, शेफिल्डचा आहे, मी चुकलो होतो, तुमचे वडील खरं सांगत होते.

त्यांनी चाकूला हात लावला नाही. "बाप खरं सांगत हुता त्ये मला ठावंच हुतं," ते म्हणाले. "गावाला सांगायचं हुतं. ज्यांला सांगायचं ती समदी गेली की आता."

आतून त्यांची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्याकडे पाहून तिनं अगदी सरळपणानं विचारलं, "मामा, ह्येच व्हय ते, चाकू घेतलेलं साहेब?"

"चाकू घेतलेले?" मी म्हणालो.

लिंबाजी गडबडले. "तसं न्हाई वो. तिला काय कळतंय." मग हळूहळू त्यांनी सांगितलं. ते टेबलापाशी उभे होते. चाकू माझ्या रजिस्टरावर. साहेबाच्या टेबलावरची वस्तू कुणी ‘घ्या’ म्हणल्याशिवाय उचलायची कशी? म्हणून उभे राहिले. मी आलो नाही. तेव्हा त्यांनी समजून घेतलं की साहेबाला चाकू ठेवून घ्यायचा आहे. "आन् चवथ्या दिशी टँकर आमच्या गल्लीत. बायामाणसं म्हणली, लिंबाजीच्या बापाचा चाकू पान्याच्या कामी आला. लई दुवा दिली बापाला. वाईट काय झालं न्हाई त्याच्यात, साहेब. पानी आलं की."

फुकटचा चहा न घेतलेला मी! या एका गावात गेली तीस-एक वर्षं मी चाकू घेऊन टँकर देणारा माणूस होतो. टाळ्या आठवल्या आणि कानशिलं गरम झाली. मी शपथा घेऊन सांगू लागलो की अर्ज बरोबर होता, खेप तशीही मिळाली असती, मी चाकू मागितला नव्हता. लिंबाजी ऐकत होते. मग म्हणाले, "त्येचं मला काय वाटलं न्हाई."

"मग कशाचं वाटलं?"

सून आत गेली. "माझ्या बापाला त्या गोऱ्यानं हातात दिलता," ते म्हणाले. "मी तुमाला दोनदा सांगिटलं. आन् तुमी टेबलावर ठिवला. मी हात म्होरं केला हुता, साहेब."

मी आईचं सांगितलं. चाकू, कात्री, मीठ, मिरची. ब्याडप्पा. हातात दिलं की भांडण होतं. ते माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. "खरंच म्हणता?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता पुन्हा हसू. "आन् मी भलतंच समजून बसलो..." एवढंच म्हणाले आणि हातानं झटकलं.

ते हसले, पण मला हसू येईना. कारण त्याच वेळी मला आमचं उदगीरचं दुकान आठवलं. वडील गल्ल्यावर बसलेले. काही गिऱ्हाइकांच्या हातात ते गुळाचा खडा ठेवायचे, आणि काहींनी पदर पसरला की त्यात वरून सोडायचे. मीठ-मिरचीच नव्हे, सगळंच. त्यात भांडणाची भीती नव्हती. मी तेही पाहत, तेही शिकत मोठा झालो. त्या दुपारी लिंबाजींचा हात पुढं आला तेव्हा माझा हात रजिस्टराकडे वळला तो आईचं ऐकून की वडिलांचं पाहून? आईचं ऐकून, असं मी म्हणतो. छातीवर हात ठेवून मला ते आजही सांगता येत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. लिंबाजींना मी हेही सांगितलं. त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी मान हलवली.

मग माझं लक्ष बाजेकडे गेलं. चाकू तिथंच होता, आमच्या दोघांच्या मध्ये, गोधडीवर. आल्या आल्या मी तो पुन्हा खालीच ठेवला होता.

मी तो उचलला. लिंबाजींनी पाहिलं. त्यांचा हात मांडीवरून हळूच पुढं आला, तळवा वर. मी चाकू त्या तळव्यावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटेपर्यंत माझा हात मागं घेतला नाही. त्यांनी नख खाचेत घातलं, पातं काढलं, मिटलं. ‘कट्’. एकदाच, ठासून.

"आता भांडण हुईल बगा आपलं," ते म्हणाले. "तुमची आई म्हणत हुती न्हवं?"

"होईल," मी म्हणालो.

"हू द्या की. भांडाया तरी याल."